घंटा वाजली, पावलं नाही

आक्काचं कुणीच खरं मानलं नाही. पोलिसांनी नाही, नवऱ्याने नाही, पोटच्या पोरीनेही नाही. सगळ्यांचं एकच, तुझी धाकटी बहीण पळून गेली, धरला असेल कुणाचा तरी हात. आक्काचंही एकच, धाकटी राजवाड्यातून बाहेर आलेलीच नाही.

आणि हे आक्काला नाही कळणार तर कुणाला? राजे गेले, राजधानी गेली, मागे उरले महाल, देवळं आणि ती बघायला येणारे लोक. त्यांच्या बुटांनी जुनी फरशी खरवडू नये म्हणून आक्का दारातच प्रत्येकाला पायांवर चढवायच्या कापडी खोळा द्यायची. लोक महाल बघत आत जायचे, शेवटी भुयारातून पलीकडे राणीच्या देवळात निघायचे आणि खोळा तिथल्या टोपलीत टाकून घरी जायचे. त्या खोळा आक्का रोज धुवायची.

धाकटी त्या दिवशी नवऱ्याशी भांडून आली होती. इतकी वर्षं इथे राबतेस, मला कधी दाखवलास का हा वाडा, म्हणाली. आक्काने तिला निळ्या काठाच्या नव्याकोऱ्या खोळा दिल्या. वर म्हणाली, "राणीसारखी चाल. नाहीतर म्हशीसारखी घसरशील." धाकटी हसत आत गेली. मागून दाजी, म्हणजे तिचा नवरा, तिला शोधत आले. तेही आत गेले आणि एकटेच बाहेर पडले. निळ्या काठाच्या खोळा टोपलीत आल्याच नाहीत.

आक्काने भर चौकात दाजींची गचांडी धरली. माझ्या बहिणीचं काय केलंस, बोल. दाजी रडले. आक्काला ती आसवं मगरीची वाटली.

धीर दिला तो एकट्या किल्लीदाराने. चाव्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडे. वाडा बंद करताना किल्लीदाराने भुयारातून स्वतः चालत जायचं, "कोण राहिलंय?" अशी हाक देत. पलीकडे देवळात पोचला की घंटा वाजवायची. घंटा ऐकूनच पहारेकऱ्याने इकडचं दार लावायचं. राजांच्या वेळेपासूनची ही रीत. त्या संध्याकाळी घंटा वाजली होती, आक्काने आपल्या कानांनी ऐकली होती.

"चिटपाखरू नव्हतं गं भुयारात," किल्लीदार म्हणाला.

पोलिसांनी भुयार पाहिलं. मधोमध राणीची कपडे बदलायची कोठडी आहे, तिचं दार आपोआप बसतं आणि आतून उघडत नाही. आत कुणी नव्हतं. धुळीत फक्त फरफटत गेलेल्या पावलांचा माग होता, समोरच्या भिंतीपर्यंत. परतीचा नव्हता. झाडणारीचा असेल, म्हणून पोलीस निघून गेले.

किल्लीदाराने मग जुनी गोष्ट सांगितली. एक राणी इथूनच देवळाला निघाली होती, पोचलीच नाही. पळाली म्हणून राजाने तिचं नाव पुसून टाकलं. "बायकांचं असंच," तो म्हणाला. आक्काला तो पहिल्यांदाच नकोसा झाला.

पुढे एकदा खोळा धुताना तिचा हात थांबला. भुयारात खाली काजळीसारखा काळा चिखल. तिथून गेलेल्या प्रत्येकाच्या खोळेचं पाणी काळंकुट्ट निघतं. किल्लीदाराच्या खोळा पिळल्या, पाणी नितळ. म्हातारा जपून पाय टाकत असेल, असं तिने मनाला सांगितलं. मन काही ऐकेना.

त्याच संध्याकाळी वाडा बंद व्हायच्या आधी ती कंदील घेऊन भुयारात शिरली आणि कोठडीसमोर उभी राहिली. ओल, वटवाघळं, शिळं तेल, सगळ्याचा मिळून एक कुबट वास. ती वाट बघत राहिली. आता येईल किल्लीदार, आता देईल हाक...

घंटा वाजली.

तिच्या शेजारून कुणीही गेलं नव्हतं.

मागे महालाचं दार लागलं. पुढे देवळाच्या दारात चावी फिरली. आक्का ओरडली, दगडांनी तिचं ओरडणं गिळून टाकलं. मग कोठडीच्या आत काहीतरी घासल्यासारखं वाजलं. कापड, फरशीवरून... हळूहळू, दाराकडे येणारं.

भ्यायची जात नव्हती आक्काची. किल्लीदाराने द्यायची हाक तिनेच दिली.

"कोण राहिलंय?"

"आम्ही दोघी, आक्का..."

आवाज धाकटीचा होता. आक्काने कंदील खाली धरला. दाराखालच्या फटीतून निळा काठ बाहेर सरकला. त्याच्या शेजारी दुसरं पाऊल होतं, अनवाणी, हाडकलेलं, बोटात चांदीचं काळवंडलेलं जोडवं.

"कुणी कोंडलं गं तुला? दाजींनी ना?"

मग दोन आवाज एकदमच बोलले, एक धाकटीचा आणि एक फार जुना, आणि दोघींनी नाव एकच घेतलं.

"किल्लीदार."