बिनखुणेची बत्ती

तंबूसाठी कंदील घ्यायचाय म्हणता? मग बसा जरा. वस्तू पारखण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, हे आधीच सांगते. बोईसरला स्टेशनजवळ दिग्विजयचं दुकान आहे. मी पायरी चढले की तो कपाळाला हात लावतो. त्या दिवशी त्याने काउंटरभर कंदील मांडले आणि मी एकेक उचलून फरशीवर टाकायला लागले.

“अहो मोनालीताई, फुटेल!”

“तंबूत लोक काय गादीवर ठेवणार आहेत? पडणारच की. बादली आण आता पाण्याची.”

दोन बुडवल्यावर विझले, ते बाजूला. एकाची कडी लेचीपेची, तोही बाद. शेवटी एक मनासारखा निघाला. चार्जिंगचा, वर मजबूत हूक, लख्ख पिवळा उजेड. एकाच बटणात सगळे खेळ: पिवळा, पांढरा, लाल, मग लुकलुक. लांबून दिसेल ना, विचारलं. दिग्विजय वैतागून म्हणाला, “ताई, दर्यातूनसुद्धा दिसेल.” मला पटलं. तोच घेतला.

घेतला कशासाठी, तर शिरगावला किनाऱ्यालगत, सुरूच्या झाडांपाशी, आम्ही तंबूंची जागा चालवायला घेतली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा केदार. केदार तारापूरच्या एका कारखान्यात आहे, राहतो आम्ही सरावलीला. शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. शहरातली माणसं अंधारात वाळूवर फिरायला जाणार, वाट चुकणार. म्हणून तंबूंपुढे उंच बांबूला कंदील टांगायचा, ही माझीच कल्पना.

स्वयंपाकाला गावातल्या सुलूमावशी होत्या. त्यांचा नवरा पंढरी होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडीही नाही, माणूसही नाही. मी बांबूला दोरी बांधताना मावशी मासे साफ करत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “दर्याकडं तोंड करून टांगतेस, पोरी? मग खूण ठरव.”

“कसली खूण?”

“आमच्यात बत्तीपुढं पदर आडवा धरायचा नि सोडायचा. पत्येक घराची खूण निराली. होडीवाल्याला कललं पायजे, ही माझ्या घरची बत्ती. बिनखुणेची बत्ती कुनाची बी होते. मग तिला जवाब बी कुनी बी देतो.”

“मावशी, आता होड्यांवर जीपीएस असतं.”

“पंढरीकडं बी व्हतं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुरी चालवायला लागल्या.

मला जरा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे. दिवस मावळला तसा मी कंदील वर चढवला. अहाहा, काय उजेड पडला! केदारला म्हटलं, “तू वाळूवरून लांबपर्यंत चालत जा, आणि कुठपर्यंत दिसतो ते फोनवर सांग.” ओहोटी होती, वाळू दूरवर उघडी पडलेली. केदारला पोहता येत नाही, म्हणून पाण्याच्या जवळ जाऊ नकोस हेही बजावलं. तो शीळ घालत गेला.

बघता बघता अंधार झाला. सुरूंतून वारा सूं सूं करत होता, आणि ओल्या चिखलाचा, कुजक्या शेवाळाचा वास एकाएकी फार जवळ आला. भरती लागली की असाच येतो, मावशी म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

“दिसतोय का रे?”

“मस्त दिसतोय. काय गं… तू खाली कशाला आलीस?”

“खाली कुठे?”

“ही काय, समोर. कंदील घेऊन उभी आहेस. आणि साडी कधी नेसलीस?”

मी पंजाबी ड्रेसमध्ये होते. बांबू हाताने घट्ट धरून उभी होते.

“केदार, मी तंबूपाशी आहे. ती मी नाही! मागे वळून वर बघ.”

“हो हो… पाण्यात नको उभी राहूस गं. थांब, आलोच…” त्याच्या आवाजामागे पाणी खळाळत होतं. मग नुसतंच पाणी ऐकू आलं, आणि फोन बंद पडला.

मी समोर पाहिलं. काळ्या पाण्यावर, अगदी खाली, एक पिवळा उजेड होता. माझ्याच कंदिलाचा रंग, मीच निवडलेला. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या, पण वारा त्या माझ्याच तोंडावर परत फेकत होता. कंदील खाली ओढला आणि मावशींपुढे धरला.

“मावशी, करा ना तुमची खूण! पाया पडते!”

मावशी दोन पावलं मागे सरल्या. “माझी केली तं पंढरी येल, बाय… केदार नाय येनार. तुझ्या घरची कर.”

माझ्या घरची? चौथ्या मजल्यावरच्या माझ्या घराची कसली आलीय खूण! आणि मग आठवलं. केदार संध्याकाळी शिफ्ट सुटून इमारतीखाली आला, आणि घरात दूध नसलं, की मी गॅलरीतला बल्ब चालू-बंद, चालू-बंद करते, मग जरा थांबून पुन्हा एकदा. ते बघून तो तसाच डेअरीकडे वळतो. लग्न झाल्यापासूनची आमची पद्धत.

बटण दाबलं. कंदील पांढरा झाला. पुन्हा दाबलं, लाल. मेला विझेचना! म्हणून सांगते, असा खेळांचा कंदील घेऊ नका, एका दाबात विझणारा घ्या. शेवटी ओढणी काढली आणि कंदिलापुढे धरली. झाक, सोड. झाक, सोड. थांब. झाक, सोड. रडत होते आणि करत होते. किती वेळ केलं ते देव जाणे.

मग पाण्यातून कुणीतरी चालत येताना दिसलं. छातीपर्यंत भिजलेला केदार. समोर येऊन थरथरत उभा राहिला आणि म्हणाला, “दूध… संपलंय?”

मी हसले, रडले, भर वाळूत त्याला मिठी मारली. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच्या मागे, दर्याकडे बघत होत्या. पाण्यावरचा तो पिवळा उजेड विझला, पेटला. विझला, पेटला. जरा थांबला. मग पुन्हा एकदा.

“शिकली,” मावशी हळूच म्हणाल्या.

तरी मी डरले नाही. शनिवारी पाहुणे आले, जेवले, खूश होऊन गेले. आता प्रत्येक तंबूला आपली खूण ठरवायला लावते मी, आणि धंदा झकास चाललाय. घरी मात्र गॅलरीतला बल्बच काढून टाकला. कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्या कमरेला. दूध हवं असलं तर सरळ फोन करते.

परवा केदारला यायला फार उशीर झाला. फोन लागत नव्हता. आमच्या सरावलीपासून दर्या काही हाकेच्या अंतरावर नाही, म्हणून मी मनाला समजावत बसले. शेवटी बेल वाजली. दार उघडलं तर केदार उभा, हातात दुधाची पिशवी. पँट गुडघ्याच्या वरपर्यंत ओली, आणि बुटांतून उंबऱ्यावर वाळू सांडत होती.

“काय गं,” तो दमून म्हणाला, “आज किती लांब उभी होतीस!”