खिडकीतला काजवा

"मला वेड लागलंय का, एवढंच शोधून द्या," दारात उभ्या उभ्याच म्हातारी म्हणाली.

वहिनींनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. हात बर्फासारखा गार होता. बोटांच्या पेरांवर शाई इतकी मुरली होती की ती आता या जन्मात निघणार नव्हती.

खाजगी तपासाचं ते छोटं ऑफिस मुळात वहिनींच्या नवऱ्याचं. ते गेल्यावर पाटी तशीच राहिली आणि खुर्चीत वहिनी बसल्या. धाकटा दीर मदतीला आला. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळे वहिनीच म्हणू लागले. त्याला सगळे म्हणत भाऊजी.

भाऊजी पाण्याचा पेला घेऊन आले आणि म्हातारीच्या बोटांकडे बघतच राहिले.

"तुम्ही... काजव्याची चित्रकथा काढायच्या ना? साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर?"

"एकोणीस वर्षं."

भाऊजींनी पेला टेबलावर ठेवायच्या ऐवजी स्वतःच पिऊन टाकला.

काजवा! त्या काळी अंक दारात पडला की घरात झोंबाझोंबी व्हायची. काळे कपडे, रक्तासारखी लाल केप, पांढरेशुभ्र हातमोजे आणि कपाळावर दिवा. अंधारात अडकलेल्याला बाहेर काढणारा. पुढे त्याची रेडिओवर श्रुतिका झाली, तेव्हा रात्रीची जेवणं पंधरा मिनिटं लांबायची. मग टीव्हीवर मालिका आली. ज्यांच्याकडे संच होता त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आणि आता त्याच्यावर मोठा सिनेमा निघणार होता.

"सिनेमावाल्यांना माझी सही हवी आहे," चित्रकारबाई म्हणाल्या. "मी देत नाही. त्यांचा काजवा माणसं मारतो. माझ्या काजव्यानं एकाचाही जीव घेतलेला नाही."

"मग?"

त्या एकदम हळू आवाजात बोलू लागल्या. "गेल्या आठवड्यात तीन वेळा तो आला. दिवेलागणीला. मी खिडकीशी कागद घेऊन बसते. मान वर केली तर काचेच्या पलीकडे उभा. हलत नाही, बोलत नाही. नुसता हात वर करतो आणि बोटानं मला बोलावतो. मी किंचाळते, भाचा धावत येतो, तोवर अंगण रिकामं."

"दिसतो कसा?"

"तीच तर भीती. केप मोहरीच्या फुलासारखी पिवळी. हातमोजे फिक्कट हिरवे. मी जन्माला घातलं हो त्याला! त्याची केप लाल आहे, हे मला झोपेतसुद्धा कळतं. मग मला तो असा का दिसतो? भाचा म्हणतो, आत्या, तुला तुझ्या काजव्याचे रंगही आठवेनात. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. मी भ्रमिष्ट आहे असं त्यांनी लिहून दिलं, की माझ्या सगळ्या सह्या भाचा करणार."

"टीव्हीतला पोशाख कधी पाहिला होतात?"

"मला स्टुडिओत बोलावलं कुणी? शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. राखाडी. तेव्हा रंग होते कुठे?"

वहिनींनी रंग वहीत टिपून घेतले. मग म्हणाल्या, "रंगांचं हे कुणाकुणाला सांगितलंत?"

"भाच्याला. आणि आता तुम्हाला."

*

त्याच दुपारी ते बाईंच्या घरी गेले. तळमजल्याची खोली, खिडकीशी उतरतं टेबल, मागे फरसबंद अंगण. फरशीवर पाऊल उमटायचा प्रश्नच नव्हता. अंगणाला उंच भिंत आणि लोखंडी फाटक. कुलूप शाबूत.

भाचा वरच्या मजल्यावर राहायचा. चाळिशीचा, झोप न झालेला.

"मला काय आनंद होतोय का?" तो चिडून म्हणाला. "आत्यानं वाढवलंय मला. पण रोज संध्याकाळी कान खालच्या खोलीकडे लागलेले असतात. ती किंचाळणार, मी पळत येणार, आणि तिथे कुणी नसणार. एक दिवस ती घाबरूनच जाईल!"

"डॉक्टर कुणी सुचवले?"

"त्या सिनेमाच्या दिग्दर्शकसाहेबांनी. फार भला माणूस. स्वतः आत्याची चौकशी करत असतात."

"फाटकाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी सिनेमावाल्यांनी नेली. आत्याच्या खोलीवर माहितीपट करायचा म्हणून मापं घ्यायला आले होते. परत द्यायची राहिली असेल."

"तुम्ही त्या चित्रकथा वाचल्यात?"

"पाठ आहेत. म्हणून तर कळलं ना, ती रंग चुकतेय ते."

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच! घरातला माणूस, किल्ली हातात, सहीही यालाच मिळणार."

"भाऊजी, तुम्हाला प्रत्येक वेळी पहिलाच माणूस कसा हो सापडतो?"

*

रेडिओवरचा काजवा म्हणजे आवाजदादा. आता ऐंशीला टेकलेले. आवाज मात्र अजून खोल विहिरीतून आल्यासारखा. दोन खोल्यांत एकटेच राहायचे.

"बाईंना कोण घाबरवणार?" ते म्हणाले. "आणि मी? मला धड जिना उतरवत नाही."

"टीव्हीसाठी तुम्हाला घेतलं नाही."

"नाहीच घेतलं. म्हणे, चेहरा काजव्याचा नाही. अहो, चेहऱ्यावर तर मुखवटा होता! त्या रागानं मी स्टुडिओची पायरी चढलो नाही. मालिका मात्र बघायचो. बघायचो आणि शिव्या द्यायचो." ते खळखळून हसले, मग खोकले. "पोशाख मात्र झकास उठून दिसायचा हं. केप कशी सळसळायची!"

"रंग आठवतो?"

"टीव्हीवर कसला रंग, बाई? सगळा राखेचा कारभार."

*

दिग्दर्शकाच्या ऑफिसात भिंतभर काळी-पांढरी छायाचित्रं होती. एकात मालिकेतला उंचापुरा काजवा आणि त्याच्या केपेतून डोकं बाहेर काढणारा सात-आठ वर्षांचा मुलगा.

"हा मी," दिग्दर्शक म्हणाला. "काजव्याचा साथीदार. दोन वर्षं स्टुडिओतच वाढलो म्हणा ना. पंख्याचा वारा सोडून केप उडवायचे. मला झोप आली की त्याच केपेत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे. काजवा झालेले काका मला बापासारखे होते. गेले बिचारे."

"म्हणून सिनेमा?"

"त्यासाठीच जगतोय. वीस वर्षं दारं ठोठावली. आता सगळं जुळलं आणि बाई अडून बसल्या." त्यानं स्वतःला सावरलं. "त्यांचा मान आहेच. पण तब्येत... फार वाईट वाटतं."

"तुम्ही इतक्या जवळून पाहिलेला तो पोशाख," वहिनी छायाचित्राकडे बघत म्हणाल्या. "मला तर राखाडीच आठवतो. प्रत्यक्षात कसा होता हो?"

"जसा चित्रकथेत तसाच. केप लालभडक. हातमोजे पांढरेशुभ्र. अजून डोळ्यांसमोर आहे."

"नशीबवान आहात," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

*

शेवटी ते मालिकेचे कपडे शिवणाऱ्या मास्तरांकडे गेले. मास्तरांचे गुडघे कामातून गेले होते. दुकान मुलगा चालवायचा, ते मागे बसून गुंड्या लावायचे.

"काजव्याचा पोशाख? दोनदा शिवला मी," मास्तर म्हणाले. "पहिला चित्रकथेवरून. सुरेख झाला होता. पण कॅमेऱ्यासमोर उभा केला नि गोंधळ! लाल रंग पडद्यावर काळा ठिक्कर. काळ्या कपड्यांत केप मिसळून गेली, दिसेचना. पांढरे हातमोजे असे चमकायचे की हाताच्या जागी नुसता उजेड. कॅमेरावाला माझ्या नावानं बोंबलला. तो पोशाख टाकला, मग दुसरा शिवला. शेवटपर्यंत तोच."

"आता कुठे आहे?"

"मालिका संपली त्या दिवशी ट्रंकेसकट गायब. मुखवटा, दिवा, सगळं त्यातच होतं."

भाऊजींनी जांभई दिली. वहिनींचे डोळे मात्र चमकत होते.

*

गुरुवारी दिवेलागणीला बाईंच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर कागद घेऊन आले होते. भाचा भिंतीला टेकून उभा होता. दिग्दर्शक बाईंची शाल सारखी करत होता. मास्तरांना भाऊजींनी रिक्षातून आणलं होतं. बाईंची पाठ खिडकीकडे होती. मागे वळून बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"डॉक्टर, लिहिण्याआधी पाच मिनिटं द्या," वहिनी म्हणाल्या. "मास्तर, दुसऱ्या पोशाखाची केप कुठल्या रंगाची होती?"

"पिवळ्या, मोहरीच्या फुलाच्या," मास्तर म्हणाले. "लोक हसायचे सेटवर. पण पडद्यावर काय छान राखाडी यायची! आणि हातमोजे फिक्कट हिरवे. पांढऱ्यासारखे दिसायचे, पण चमकायचे नाहीत."

डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"भ्रम झालेल्या माणसाला काय दिसतं?" वहिनी म्हणाल्या. "जे मनात आहे ते. बाईंच्या मनात लाल केप होती. टीव्हीवर त्यांनी पाहिली ती राखाडी. पिवळी केप त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ती स्टुडिओच्या चार भिंतींबाहेर कुणीच पाहिली नव्हती. मग ती त्यांच्या डोक्यात येईल कुठून? खिडकीतच यायला हवी. बाई रंग चुकल्या नाहीत. त्यांनी बरोबर पाहिलं, म्हणून तुम्ही त्यांना वेडी ठरवलंत."

भाच्यानं तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे कुणीतरी खरा पोशाख घालून अंगणात उभं राहत होतं. कोण? आत्यालाच कधी स्टुडिओत बोलावलं नाही, तर भाच्याला तिथले रंग कुठून कळणार? शिवाय किंकाळीसरशी तो खोलीत हजर व्हायचा. आवाजदादा स्टुडिओत गेलेच नाहीत, आणि त्यांना चालवत नाही. मास्तरांचे गुडघे तुम्ही बघताच आहात. उरला एक. ज्याच्याकडे फाटकाची दुसरी किल्ली आहे. ज्यानं हे डॉक्टर सुचवले."

"हा काय आरोप?" दिग्दर्शक म्हणाला. पण त्याचा हात शालीवरून निघाला होता.

"मी तुम्हाला रंग विचारला. केप लालभडक, हातमोजे पांढरे, असं म्हणालात. दोन वर्षं ज्या केपेत झोपलात तिचा रंग विसरलात? 'आठवत नाही' म्हणाला असतात तर मी गप्प बसले असते. पण 'अजून डोळ्यांसमोर आहे' असं म्हणून तुम्ही चुकीचं सांगितलंत. तो पिवळा रंग कुणाला कळू नये, अशी गरज फक्त एकाच माणसाला होती. ट्रंक तुमच्याकडे आहे. तुमच्या ऑफिसात पोलीस बसलेत, कपाटं उघडायची वाट बघत. किल्ली देताय, की त्यांनी फोडायची?"

दिग्दर्शक खाली बसला. एकदम लहान दिसू लागला.

"मी हात लावला नाही त्यांना," तो पुटपुटला. "नुसता उभा राहायचो. शेवटच्या दिवशी सगळे रडत होते, तेव्हा ट्रंक ओढत घरी नेली होती मी. आठवण म्हणून. वाटलं, चुकीचे रंग सांगतील आणि कुणी विश्वास ठेवणार नाही. फक्त सही हवी होती हो."

"आमच्या अंगणात उभा राहून?" भाचा ओरडला. "ती मेली असती तर?"

दिग्दर्शकानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. भाऊजी त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले.

डॉक्टर कागद फाडायला निघाले.

"थांबा," चित्रकारबाई म्हणाल्या. "तपासणी करा."

"आता गरज नाही, बाई."

"मला आहे. इतके दिवस मी माझ्याच डोळ्यांना भीत होते. यांच्या सगळ्यांच्या देखत करा."

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाईंनी न अडखळता केलं. पाच वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळानं परत विचारली, तीही त्यांनी क्रमानं सांगितली. भाचा गुडघ्यांवर बसला होता, त्यांच्या पायांशी. रडत होता.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर हसून म्हणाले. "आता कशाची भीती वाटते का?"

बाईंनी भाच्याच्या केसांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"याची," त्या म्हणाल्या. "यानं किती पटकन विश्वास ठेवला."