वेडा वेग गेला कुठं?

कोल्हापूरजवळच्या वाहनबल प्रयोगशाळेत डॉ. विद्युल्लता पोतनीस तिसऱ्यांदा चहा ढवळत होत्या. साखर पहिल्याच वेळी विरघळली होती. पण हाताला काहीतरी काम हवं होतं, आणि समोरच्या पडद्यावरच्या आलेखाला ढवळता येत नव्हतं.

आलेखात दोष नव्हता, हाच त्यातला दोष होता. शून्यापासून ताशी एकशे साठपर्यंत सरळ, गुळगुळीत रेघ होती. मासळी वाहणाऱ्या मालनताई पाटोळेंच्या पिकअपचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा, कुठंही थरथरत नव्हता.

"मग चांगलं हाय की," रसूलचाचा शिकलगार म्हणाले. पुन्हा मोजायला म्हणून शाफ्ट काढून आणणारे आणि काल संध्याकाळी परत गाडीला बसवणारे तेच. पंचक्रोशीतल्या निम्म्या पिकअप त्यांनीच अडीच-अडीच फूट लांब केल्या होत्या. रत्नागिरीची मासळी नव्या सागरी वेगमार्गानं बर्फ वितळायच्या आत कोल्हापुरात यायची, तर हौदा मोठा हवा आणि इंजिन त्याहून मोठं. हे बेकायदेशीर आहे असं सरकारचं मत होतं. सरकार मासळी मात्र ताजीच खात असे.

"चाचा, प्रत्येक लांब फिरत्या दांड्याला एक वेडा वेग असतो. त्या वेगाला दांडा मधोमध फुगतो, पोरींच्या उड्या मारायच्या दोरीसारखा."

"ते मला सांगू नका. तसले मोडलेले शाफ्ट भंगारात घालून माझं पोट चालतंय."

"आणि तुम्ही गाडी लांबवली की हा वेग खाली येतो. दांडा दुप्पट लांब केला, तर वेडा वेग चौथाईवर."

"म्हणून तर तुमचा शाफ्ट घातला."

तो शाफ्ट म्हणजे विद्युल्लताबाईंच्या अकरा वर्षांचं फळ. सरकारी फाइलीत त्याचं नाव 'सवयशील परिवलनदंड' असं होतं. बाकी जग त्याला शाफ्ट म्हणे. त्याच्या नळीत विणलेले बोधतंतू होते. रोजच्या वेगाला जराशी थरथर जाणवली, की हे तंतू महिन्या-दोन महिन्यांत कुठं आवळत, कुठं सैल पडत, आणि वेडा वेग त्या रोजच्या वेगापासून दूर सरकवत. मालनताई दोन वर्षं रोज दीडशेनं जात होत्या आणि शाफ्ट त्यांना खरचटूही देत नव्हता.

"मग दीडशेवरचा वेडा वेग गेला कुठं?" चाचांनी विचारलं.

"गेला."

"गेला म्हंजे कुठं गेला? आमच्यात गिऱ्हाइकाच्या गाडीचा आवाज गेला, की आम्ही तो कुठं गेला ते आधी बघतो. आवाज असा जात न्हाई."

विद्युल्लताबाईंनी चमचा खाली ठेवला.

वेडा वेग नाहीसा होत नाही, फक्त ढकलला जातो. हे वाक्य त्यांनीच स्वतःच्या प्रबंधात लिहिलं होतं, पान एकशे बारावर. ढकलला जाणार तो जिथं चालक कधीच थांबत नाही तिथं. मालनताई निघाल्या की तीन-चार सेकंदांत साठच्या पुढं. प्रयोगशाळेतलं यंत्रही तसंच, कारण हळूहळू वेग वाढवणं बाईंना कंटाळवाणं वाटे. वेड लागायला त्या वेगावर रेंगाळावं लागतं, आणि तिथं कुणी रेंगाळलंच नव्हतं.

त्यांनी आलेखातला कमी वेगाचा पट्टा मोठा करून पाहिला. एका ठिकाणी रेघेला केसाएवढं कुसळ होतं. चाळीस.

"चाचा, मालनताई आत्ता कुठं आहेत?"

"रॅलीत की. तुम्हीच नाव दिलंय त्यांचं."

खरंच होतं. रस्ता सुरक्षा सप्ताहाची रॅली नऊला प्रयोगशाळेच्या फाटकापासूनच सांगलीकडं निघाली होती. सबंध रस्ता मोकळा ठेवला होता. सगळ्यात पुढं दोन वर्षांत एकही अपघात न केलेल्या सुरक्षित चालक श्रीमती मालन पाटोळे, हौद्यात सुरक्षा समितीचे सात सदस्य उभे राहून हात हलवताहेत, आणि टपावर फलक: 'चाळीसचा वेग, निर्धास्त वेग'. वेग अगदी चाळीस राहावा म्हणून गाडीला वेगबंधकही लावला होता.

"फोन करा."

"लागायचा न्हाई. सुरक्षेसाठी सगळ्या ड्रायव्हरांचे फोन आयोजकांनी गोळा केलेत, स्वतःचेसुद्धा."

बाईंनी भिंतीवरच हिशेब मांडला. चाळीसवर सलग वीस मिनिटं. मग पुढचा सांधा सुटणार. पुढचं टोक सुटलं की शाफ्ट रस्त्यात रुततो आणि गाडी बांबूउडीतल्या खेळाडूसारखी वर उचलली जाते. सात सदस्यांसकट.

नऊ बाराला प्रयोगशाळेची पिकअप फाटकाबाहेर पडली. रॅली आठ किलोमीटर पुढं होती आणि हातात आठ मिनिटं. ऐंशीनं गेलं तर गाठायला बारा लागणार होती.

"बाई, तुमच्याच्यानं हुईल न्हवं? तुम्ही चालवताना म्हशी पुढं जात्यात."

बाईंनी गिअर बदलला. दोन वर्षं त्यांनी ही गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेली नव्हती. आवारात पाटीच तशी होती, आणि पाटीनंतर घरापर्यंत त्यांचा स्वभाव. त्यांनी पायाला पहिल्यांदाच वजन दिलं. साठ. ऐंशी.

नव्वदला पायाखालची फळी गुणगुणू लागली. पंच्याण्णवला आरसा थरथरून त्यात मागच्या रस्त्याचे दोन रस्ते झाले.

"हे काय?" चाचांनी दार घट्ट धरलं.

"या गाडीलाही तोच शाफ्ट आहे, चाचा. माझ्या सवयीचा."

चाचांनी काट्याकडं पाहिलं. चाळीसची सवय असलेल्या शाफ्टनं वेडा वेग कुठं ढकलला असेल, हे त्यांना कागदाशिवाय कळलं.

"मग कमी करा."

"कमी केलं तर मालनताई गेल्या."

"मग हितं काय गप्पा मारताय? दाबा."

बाईंनी दाबलं. शंभर. आसनाचा एक बोल्ट सुटून घरंगळत मागं गेला. एकशे पाचला चाचा काहीतरी पुटपुटले, ती दुवा होती की शिवी हे आवाजात कळलं नाही. आणि एकशे पंधराला वेडा वेग मागं पडला, सगळं एकदम शांत झालं. एकशे तीसला काटा असा स्थिर उभा राहिला, जसा कुणी रंगवून ठेवलेला असावा.

रॅलीतल्या बेचाळीस गाड्यांच्या शेजारून प्रयोगशाळेची पिकअप सरकली तेव्हा ध्वनिक्षेपकावर वेगाचे दुष्परिणाम चालू होते. चाचांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मालनताईंना दोन्ही हातांनी थांबा म्हणून खुणावलं. मालनताईंची गाडी आधीपासूनच घुमत होती. त्यांनी ब्रेक मारला. सातही सदस्य हौद्यात एकमेकांवर बसले. बाईंनी पुढं जाऊन ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला आणि पंच्याण्णववर न रेंगाळता वेग खाली आणला.

चाचा मालनताईंच्या गाडीखाली शिरले आणि बऱ्याच वेळानं हात पुसत बाहेर आले. "पुढच्या सांध्याचे चारातले तीन बोल्ट न्हाईत. चवथा बोटानं फिरतोय."

मालनताई टायरला टेकून उभ्या होत्या. "पोतनीसबाई, दीडशेनं जात होते तवा?"

"तेव्हा तुम्ही सुरक्षित होता."

मालनताईंनी समितीच्या अध्यक्षांकडं नुसतं पाहिलं. अध्यक्ष टोपी झटकत होते. ते बाईंकडं वळले. "मॅडम, सुरक्षा सप्ताहात तुम्ही किती वेगानं आलात?"

"एकशे तीस."

"हे बेजबाबदारपणाचं आहे. आमच्या अहवालात येईल. मुळात या शाफ्टला सुरक्षित वेग कोणता, एक आकडा सांगा. आम्ही तो सगळ्या गाड्यांना सक्तीचा करतो."

विद्युल्लताबाईंनी मागं उभ्या बेचाळीस गाड्यांकडं पाहिलं. त्यातल्या अकरांना त्यांचाच शाफ्ट होता, प्रत्येकाला आपापल्या मालकाची सवय. कुणाचा वेडा वेग कुठं दडलाय, हे ती सवय ठाऊक असल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. आणि एकदा वेग सक्तीचा झाला, की तो सगळ्यांच्याच सवयीचा होणार. मग एके दिवशी रुग्णवाहिकेला वाट द्यायला, नाहीतर दवाखान्यात पोचायला, कुणीतरी पहिल्यांदाच जोरात दाबणार.

"आकडा नाही," त्या म्हणाल्या. "अकरा चालकांना एकेक करून माझ्याकडं पाठवा. रोज कसे चालवता, एवढंच विचारीन."

"आणि ते खरं सांगतील?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या मागं सुरक्षित चालकांचे बिल्ले लावलेले अकराही जण एकदम दुसरीकडं बघू लागले.