बकुळचे डोळे

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मला स्वतःचीच इतकी लाज वाटून झाली आहे की तुमच्या हसण्याने आता काही बिघडत नाही.

आणि भुतं रात्रीच येतात, हे आधी डोक्यातून काढून टाका. हे घडलं भर दुपारी, दोनच्या सुमारास. साल १९९८, महिना सप्टेंबर, गाव बनारस.

आमचं घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत, चार पिढ्यांपासून. मी प्रल्हाद. तेव्हा पंचवीस वर्षांचा. वडील वेद शिकवायचे आणि मी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका नि फोटो करायचो. गल्लीत सगळे म्हणायचे, प्रल्हादला सांगा, तो मशीनमध्ये घालून काहीही करून देतो. मलाही तसंच वाटायचं. मस्ती, दुसरं काय!

त्या महिन्यात शेजारच्या शरदिनीकाकूंची बकुळ तापाने गेली. एकोणीस वर्षांची. काका आधीच गेलेले, काकूंना तेवढी एकच मुलगी.

अकराव्या दिवशी काकू दुकानात आल्या. पदराखाली काचेची लहानशी फ्रेम.

"प्रल्हाद, हा एवढाच फोटो राहिलाय रे. बाकीचे पेटीत होते, पुराच्या पाण्यात पेटीच गेली. तेराव्याला मोठा करून हवा. करशील ना?"

त्यांच्या बोटांना पीठ लागलेलं होतं. आमच्यात माणूस जिथे गेलं तिथे दिवा ठेवतात, खाली पीठ पसरतात, आणि पिठात पाऊल उमटतं का ते बघतात. काकू दिवसरात्र त्या पिठापाशीच बसून असायच्या.

"त्यात काय काकू! उद्या दुपारी दोनला या, घेऊन जा," मी म्हणालो.

फोटो ओलीने काचेला चिकटला होता. मी काचेसकट स्कॅन केला, बाराशेच्या रिझोल्यूशनवर, म्हणजे इंचाला बाराशे ठिपके. झकास आला. पापण्या मोजता येतील इतका साफ.

मग मला शहाणपण सुचलं. नवी काच घालून देऊ म्हणून फोटो सोडवायला गेलो, तर चेहरा सोलून निघाला. कागद कोरा, काचेवर नुसता चुरा.

म्हटलं, जाऊ दे. स्कॅन आहे ना.

फ्रेम, हार आणि नाव दुसऱ्या प्रोग्राममध्ये लावायचं होतं. तो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. न्यायला फ्लॉपी, आणि फाइल काही फ्लॉपीत मावेना. म्हणून रिझोल्यूशनच्या चौकटीत बाराशे खोडून बहात्तर लिहिलं. स्क्रीनवर तेवढंच पुरतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. वेगळी कॉपी ठेवायचाही कंटाळा. त्याच नावाने सेव्ह केलं. मशीनने विचारलं, जुनी फाइल जाईल, चालेल का?

मी हो म्हटलं.

आत जाऊन फाइल उघडली, मोठी केली...

बकुळला चेहराच नव्हता. नुसते चौकोन.

धावत बाहेर आलो. बहात्तरचे परत बाराशे केले. चौकोन जरा गुळगुळीत झाले, बस. जे एकदा फेकून दिलं ते मशीन परत आणून देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हाच जाऊन काकूंचे पाय धरायला हवे होते. शिव्या दिल्या असत्या, रडल्या असत्या. पण मी पडलो गल्लीतला हुशार! मला नाही जमलं ते.

कॉम्प्युटरवर परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेले मुलींचे फोटो पडून होते. त्यातल्या एकीचे डोळे घेतले. कोण होती, माहीत नाही. गंगेपलीकडच्या चंदौलीकडची असावी. ते डोळे बकुळच्या चेहऱ्यावर बसवले, कडा पुसल्या, नाक-ओठ अंदाजाने काढले.

फोटो सुंदर दिसत होता. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं मला, पण मी खूश झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेले. मी एकटा. प्रिंट लिफाफ्यात तयार.

पावणेदोनला बिजली गेली. पंखा थांबला. गल्लीतले सगळे आवाजही थांबले. माणूस नाही, सायकल नाही, घाटावरची घंटा नाही...

आणि आवाज आला.

घर्रर्र... घर्रर्र...

स्कॅनर चालू होता.

बिजली नव्हती हो! दिवा बंद, पंखा बंद, स्क्रीन काळी. आणि स्कॅनरच्या झाकणाखालून ती पांढरी पट्टी सरकत होती.

मी झाकण उचललं. पट्टी विझली.

काचेवर पीठ होतं. आदल्या दिवशी मी स्वतः ती काच पुसली होती.

पिठात ठसा उमटलेला... कपाळ, नाकाचा शेंडा, दोन्ही गाल, हनुवटी. कुणीतरी वाकून काचेला चेहरा लावला होता.

परत काढ, म्हणून.

तेवढ्यात बिजली आली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि स्कॅनिंगची खिडकी आपोआप उघडली. रिझोल्यूशनच्या चौकटीत आकडा... बाराशे.

चित्र वरून खाली उतरायला लागलं. एकेक ओळ. आधी भांग. मग कपाळ. बारीक टिकली. उजव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण. तो मला आठवत होता. ती बकुळच होती.

भुवया पूर्ण झाल्या. आता डोळे येणार...

"प्रल्हाद! झालं का रे?"

पायऱ्यांवर काकू.

आणि मी प्लग ओढला.

भीतीने ओढला, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. खरे डोळे स्क्रीनवर आले असते तर लिफाफ्यातले खोटे डोळे उघडे पडले असते. म्हणून ओढला.

काकूंनी लिफाफा उघडला. डोळ्यांत पाणी, त्यातून मोतीबिंदू. फोटो गालाला लावला आणि म्हणाल्या, "माझी बकुळ परत आणलीस रे. सुखी राहा, बाळा." पिठाचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

नंतर ती फाइल मी खूप शोधली. नव्हती.

दिवाळीआधी एकदा काकूंनी चहाला बोलावलं. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेलो. समोर भिंतीवर तो फोटो. मी मान वर केली नाही.

"बकुळ येते रे," काकू हळूच म्हणाल्या. "रोज दुपारी."

मी कप खाली ठेवला.

"दारात उभी राहते. अगदी फोटोतल्यासारखी. मी म्हणते, ये ग, आत ये. तर माझ्याकडे बघते... आणि ओळखतच नाही मला."

काकू दाराकडे बघत होत्या.

"आणि काल हिंदीत बोलली. जन्मात माझ्याशी हिंदीत बोलली नव्हती पोरगी. म्हणाली, 'ये किसका घर है?'"

काकूंनी माझा हात धरला.

"माझं काय चुकलं रे, प्रल्हाद?"

"तुमचं काही नाही चुकलं, काकू," मी म्हणालो. एवढंच म्हणालो, चहा संपवला आणि उठलो.

काकू जाऊन आता अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत दुपारी दार उघडं ठेवून बसायच्या.

अजूनही बिजली जाऊन पंखा थांबला की मी कान देऊन बसतो. तो आवाज आलाच, तर या वेळी प्लगला हात लावणार नाही. ते डोळे पूर्ण येऊ देईन.

पण आता ते दाखवू कुणाला?