त्याच्या हातून नको!

वहिनीने धाकट्या दिराचा चहाचा कप दोन बोटांत धरला आणि उकळत्या पाण्यात सोडला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत! धाकट्याला किळस आली. स्वतःची नव्हे, या घराची! तो फादर झाला त्या गुरुदीक्षेच्या दिवशी तळहातांवरचं पवित्र तेल वाळायच्या आत, चार पाहुण्यांना कोपरानं मागे सारून याच वहिनीने त्या हातांचं चुंबन घेतलं होतं, आणि "आमच्या घरात फादर आहेत हो!" म्हणत वर्षभर तोरा मिरवला होता.

गेल्या महिन्यात त्याने आईला सांगून टाकलं होतं, की त्याचं मन बाईकडे कधी ओढलंच नाही, पुरुषाकडेच ओढतं. त्या दिवसापासून अंथरुणाला खिळलेली आई त्याला पाहताच भिंतीकडे तोंड फिरवी. तरी रोज चर्चमध्ये मिस्सा-विधी आटोपून तो येई, तिचं भांडं साफ करी, भिजलेल्या चादरी धुई. कारण त्या घाणीत हात घालायला घरात दुसरं कोणी धजत नव्हतं. त्या कामाला मात्र त्याचे हात चालत!

"ब्रह्मचर्याचं व्रत पाळतोस ना? मग तोंड उघडायची हौस कशाला?" थोरला आईच्या खोलीच्या दारातूनच गुरगुरला. "आज मी दुसऱ्या फादरना बोलावलंय. आईला कम्युनियनची पवित्र भाकर ते देतील."

"व्रत पाळतोच आहे, दादा. जगाची पापं ऐकून घेतली, आणि माझ्यात जे पाप नाही तेच चोरासारखं लपवत बसलो... ज्याने मला असं घडवलं, त्यानेच मला आपल्या सेवेला बोलावलं. मग लपवू कुणापासून?"

"शी! देवाला मध्ये आणू नकोस!"

आईच्या उशाशी भांडण नको, म्हणून हाही अपमान धाकट्याने गिळला.

म्हातारे फादर आले. "ख्रिस्तशरीर," त्यांनी म्हटलं. आई "आमेन" म्हणाली, तिने जीभ पुढे केली, आणि दुसऱ्याच क्षणी ती पवित्र भाकर उलटीबरोबर उशीवर आली! आंबट, उग्र वासाने खोली भरली. वहिनी उमासे देत बाहेर पळाली, थोरल्याने नाक दाबलं, फादरसुद्धा तोंडाला रुमाल लावून मागे सरले. देवाचं शरीर घाणीत पडलेलं, आणि त्याचे हे थोर भक्त नाकं मुरडत उभे! किती ओंगळ, किती बेगडी ही भक्ती!

धाकटा पुढे झाला. त्या घाणीतून त्याने भाकर अलगद उचलली, रीतीप्रमाणे पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात विरघळायला ठेवली, हात धुतले, आणि ओल्या फडक्याने आईचं तोंड, हनुवटी, गळा पुसत राहिला. "झालं हं, आई... काही नाही झालं..."

आई त्याच्याकडे बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच! तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"एवढे दिवस तोंड फिरवून पडले होते रे मी... वेडी मेली!" ती कशीबशी म्हणाली. "मला परत दे."

ओशाळलेले फादर पवित्र भाकरीची डबी उघडत पुढे आले. आईने मान हलवली.

"तुम्ही नको. याच्या हातून."

फादरनी मान खाली घातली आणि डबी धाकट्याच्या हाती दिली.

"आई! त्याच्या हातून नको!" थोरला नाक दाबूनच ओरडला.

"तू आधी नाक सोड," आई म्हणाली, "मग बोल." आणि धाकट्याकडे वळून तिने तोंड उघडलं.