समोरचं बेट आणि निरोपाची लांब वाट

बेट तर समोर दिसत होतं. मग तिथून आईचा निरोप का येईना?

शाल्मलीला काही उमगत नव्हतं. साल २०४७. आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठी ती आईबरोबर राहायची. आज बेटावरच्या इस्पितळात आईची शस्त्रक्रिया होती. "बाराच्या सुमारास शुद्धीवर येईन, लगेच दोन शब्द पाठवीन," असं आई म्हणाली होती. आता दोन वाजले होते. शाल्मलीने टॅबलेट चार वेळा बंद करून पुन्हा सुरू केला. आई उठलीच नाही की काय?

शेजारच्या बीबी अचिएंग (बीबी म्हणजे आजी) पुण्यात शिकलेल्या संगणकशास्त्रज्ञ होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, त्या बिचाऱ्याला किती वेळा झोपवशील नि उठवशील! आधी हाका मारून बघू."

त्यांनी घरातल्या राउटरला (निरोपाला वाट दाखवणारं यंत्र) हाक पाठवली. त्याने ओ दिली. गावच्या मनोऱ्यानेही दिली. देशाच्या सीमेवरचं यंत्र मात्र गप्प.

"सीमेचं काय काम? बेट आपल्याच देशात आहे ना?"

"बेट आहे. पण सर्व्हर (निरोप घेऊन पुढे धाडणारा संगणक) समुद्रापार आहे. आईचा शब्द तिकडे जाऊन परत येतो. उद्या मतदान. अफवा नकोत म्हणून सरकारने सीमेवरचं इंटरनेटचं दारच लावून घेतलंय."

"आईचा निरोप अफवा आहे?"

"नाही ना! पण बंद दार सगळ्यांनाच अडवतं. म्हणून तर आम्ही काही जण या बंदीविरुद्ध कोर्टात गेलोय."

शाल्मलीचा गोंधळ वाढलाच. "मग आता?"

बीबी तिला धक्क्यावर घेऊन गेल्या. वादळाची खबर देण्यासाठी प्रत्येक होडीवर छोटा रेडिओ होता. त्यांचीच बीबींनी जाळी-जोडणी (मधल्या केंद्राशिवाय यंत्रांनी एकमेकांकडे निरोप सोपवणं) केली होती.

होडीतल्या एका कोळ्याला त्यांनी बजावलं, "ओटिएनो, जागचा हलू नकोस रे! तू सरकलास की साखळी तुटते."

"मासे येतात का तुमच्या साखळीत, बीबी?" ओटिएनो ओरडला, पण त्याने नांगर टाकला.

'आई कशी आहे?' हा शाल्मलीचा प्रश्न होडीवरून होडीवर सरकत बेटावरच्या इस्पितळात पोचला. अडीचला परिचारिकेचं उत्तर आलं: 'आई जागी आहे. बाराला पाठवलेला निरोप मिळाला का, विचारते आहे.'

शाल्मलीने ते उत्तर दोनदा वाचलं. मग तिने विचारलं, "कोर्टाला हे माहीत आहे?"

"कुणी सांगितलं तर."

"मग लिहून घ्या. बारापासून अडीचपर्यंत मला वाटत होतं, मला आई नाही."

बीबींनी ते जसंच्या तसं लिहिलं. सोमवारी सुनावणी होती. तिथे ते मोठ्याने वाचलं जाणार होतं.