सुरकुतलेला पंख

“एकही मागे ठेवू नकोस, तेप्पेई! ज्या हातानं माझ्या भावाचं शेवटचं विमान नासवलं, त्या हाताच्या हवाली आता एक पंखसुद्धा करायचा नाही!”

इत्सुकोआत्यांचा तो करडा स्वर आतल्या खोलीतून आला आणि चहाचे तबक घेऊन उंबरठ्याशी आलेली नोबुए जागच्या जागी थबकली. आत छतापासून रेशमी धाग्यांनी टांगलेली तिच्या दिवंगत नवऱ्याची, शिगेहारूची, प्लास्टिकची विमाने मे महिन्याच्या मंद वाऱ्यावर हलकेच वळत होती. टेकड्यांवरच्या मळ्यांतून पहिल्या खुडणीच्या चहाचा वाफाळ, हिरवा गंध येत होता… त्या गंधात ती इवलाली विमाने जणू अर्धवट झोपेत तरंगत होती. कुठे निघाली होती हे विसरलेली, आणि तरीही निघालेली!

आज ती खरोखरच निघाली होती. तेप्पेईला हामामात्सुला नोकरी लागली होती. जाताना वडिलांचे टेबल, त्यांचे रंग आणि त्यांची सारी विमाने तो घेऊन जाणार होता. नोबुए, त्याची सावत्र आई, जिला तो आई न म्हणता परक्यासारखे ‘नोबुए-सान’ म्हणत असे, मागे राहणार होती… रिकाम्या छताखाली.

“वन्सं, चहा,” ती हळूच म्हणाली.

“ठेव तिथे. आणि जरा लांबच ठेव. तुझ्या हातून काय सांडेल याचा नेम नाही!” आत्यांनी डोळे वर न करताच टोला हाणला.

तेप्पेई पेटीत कागदाचे बोळे भरत राहिला. त्याचे हे न बोलणेच नोबुएला टोल्यापेक्षा खोल लागत असे. एक वाक्य… केवळ एक वाक्य उच्चारले असते, तर तो थांबला असता! ते वाक्य तिने आजवर ओठांआड कोंडून ठेवले होते. मोठेपणा मिरवण्यासाठी केलेला त्याग हा त्याग नव्हेच. खरा त्याग कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, आणि करणाऱ्याला त्याचे सांत्वनही लाभत नाही.

तेप्पेई लहान होता, त्या वर्षी शिगेहारू रुग्णालयात होता. तो प्लास्टिकच्या विमानांचे साचे कोरणारा कारागीर. नोबुए त्याच कारखान्यात नमुन्याची विमाने रंगवीत असे, आणि तिथेच त्यांचे सूत जुळले होते. आजारापूर्वी त्याने एक विमान हाती घेतले होते, पाण्यावर उतरणारे, बुडत्या माणसांना उचलून नेणारे. लहानपणी सुरुगाच्या उपसागरात असे एक विमान पहाटेच्या धुक्यातून उतरताना त्याने पाहिले होते. ते स्वप्न होते की सत्य, हे त्याला आयुष्यभर उमगले नाही. पांढरा रंग देऊन झाला होता. पंखांवरचे नारिंगी पट्टे तेवढे राहिले होते, आणि शिगेहारू दोन दिवसांसाठी घरी येणार होता.

बाबांना आनंद द्यावा म्हणून त्या सकाळी शाळेत जाण्यापूर्वी नऊ वर्षांच्या तेप्पेईने ते पट्टे स्वतःच रंगवले. हाताशी आली ती बाटली त्याने उघडली.

विमानांच्या कारखान्याच्या या गावातल्या घरांत मुलांना अक्षरांआधी रंगांचा एक नियम शिकवतात: लॅकर खाली, इनॅमल वर. उलट कधीही करू नये. वरचे तीव्र लॅकर खालच्या मऊ इनॅमलला चावते. शिगेहारूचा पांढरा रंग इनॅमलचा होता. पोराच्या हातची बाटली लॅकरची होती.

नोबुए खोलीत आली, तेव्हा ते पंख तापल्या दुधावरच्या सायीसारखे सुरकुतले होते… पांढरा रंग नारिंगीत ओरबाडून निघाला होता! पोर घरी येऊन हे पाहील, बापाचे शेवटचे काम आपल्या हातून नासले हे त्याला कळेल, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. क्षणभरही न थांबता तिने रंग विरघळवणाऱ्या थिनरची बाटली उचलली आणि पंखांवर उपडी केली. “माझ्या हातून सांडलं,” असे ती सर्वांना म्हणाली. त्याच हिवाळ्यात शिगेहारू गेला, आणि चितेची राख निवण्याआधीच आत्या भर घरात गरजल्या, “त्या विमानाच्या धक्क्यानंच माझा भाऊ गेला!” तेव्हापासून तर ते सत्य उच्चारणे अशक्यच झाले. कारण आता सत्याचा अर्थ एकच उरला होता… बापाला मुलाने मारले!

“हेसुद्धा घे,” आत्या म्हणाल्या. कपाटाच्या तळाशी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले ते विमान त्यांनी दोन बोटांनी ओढून काढले. “टाकून द्यायला पाहिजे होतं. पण शिगेचा हात लागलाय ना!”

नोबुए पुढे सरली. “तेप्पेई… ते मी गुंडाळते.”

“नको. तुम्ही नका हात लावू.”

त्याने ते कागदावर उलटे ठेवले. वितळलेले पंख, ओघळून गोठलेला रंग… तो गुंडाळू लागला आणि थबकला. एका पंखाच्या खालच्या अंगाला, जिथवर थिनर पोहोचलेच नव्हते, तिथे वळून आलेल्या पट्ट्याचे बोटभर टोक शिल्लक होते. नारिंगी. बारीक, दाट सुरकुत्यांनी भरलेले.

तेप्पेईने ते उजेडात धरले. त्याचा अंगठा त्या सुरकुत्यांवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला. बाहेर सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. तो त्याला ऐकूच आला नाही.

“थिनर सांडलं तर रंग वाहतो,” तो स्वतःशीच पुटपुटला. “सुरकुतत नाही. हे… हे इनॅमलवर लॅकर आहे.” मग त्याने मान वर केली, तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. “पट्टे मी रंगवले होते. त्या सकाळी. नोबुए-सान, मी रंगवले होते!”

“जुनी गोष्ट आहे, सोडून दे…”

“काय बडबडतोयस?” आत्या खेकसल्या. “हिनंच तर कबूल केलं होतं!”

“आत्या, थिनर हिनं नंतर ओतलं! माझं झाकायला ओतलं!” तो विमान छातीशी धरून खाली बसला. “म्हणजे बाबा… बाबा माझ्यामुळे…”

“नाही!”

त्या घरात नोबुएचा आवाज इतका चढलेला कोणी कधी ऐकला नव्हता. ती धावत त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिने त्याचे खांदे घट्ट धरले.

“नीट ऐक. तुझे बाबा घरी आले. मी त्यांनाही म्हटलं, माझ्या हातून सांडलं. त्यांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, आणि तेप्पेई… ते हसले! पोट धरून हसले! म्हणाले, ‘नोबुए, साचे कोरणाऱ्याला फसवतेस होय? हा आपल्या गाढवाचा उद्योग आहे. पट्टा बघ मात्र किती सरळ ओढलाय लेकानं! त्याला सांगू नकोस. ज्या दिवशी तो स्वतः ओळखेल, त्या दिवशी तो कारागीर झाला असं समज.’ दोन दिवस ते विमान त्यांच्या उशाशी होतं. त्यांना धक्का नव्हता रे बसला… ते आनंदात होते!”

खोलीत नुसते विमानांचे धागे हलत होते. टेम्पोचे इंजिन बंद झाले.

“आणि तू गप्प बसलीस?” तेप्पेईने विचारले. “मी तुला या टेबलापाशी उभंसुद्धा राहू दिलं नाही… तरी?”

“त्यांनी शब्द घेतला होता. आणि वन्सं त्या दिवशी तसं बोलल्यावर… अर्धंच सत्य तुझ्या मनात रुतून बसेल, याची भीती वाटली मला.”

आत्या इतका वेळ ताठ बसून होत्या. कोणाची क्षमा मागणे त्यांना ठाऊक नव्हते; त्यांच्या पिढीच्या कर्त्या बाईला ते कोणी शिकवलेच नव्हते. त्यांनी समोरचा निवलेला चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला.

“बाबा कसे हसायचे?” तेप्पेईने अगदी लहान आवाजात विचारले. “मला… मला आठवतच नाही.”

नोबुएने प्रयत्न केला. ओठ विलग झाले, परंतु हसू काही फुटेना.

“अगं, असं नव्हता हसत तो!” इत्सुकोआत्या एकाएकी कडाडल्या. “तुला काय माहीत! त्याला अंगाखांद्यावर खेळवलं मी. आधी नाकातून फुर्रर्र करायचा… घोड्यासारखा… आणि मग…”

आणि त्या हसल्या! ज्या मुखातून आजवर केवळ टोमणे बाहेर पडले, त्यातून ते खिंकाळते, पोरकट, बेभान हसू उसळले. हसता हसता त्या उलथून नोबुएच्या मांडीवर पडल्या, आणि तिची ओंजळ आपल्या सुरकुतल्या गालाशी घट्ट दाबून धरली. हसू कोठे संपले आणि हुंदके कोठे सुरू झाले, हे कोणालाच कळले नाही.

“पुन्हा एकदा, आत्या,” डोळे मिटून तेप्पेई म्हणाला. “पुन्हा एकदा तसंच हसा ना…”